ताप उतरला, तरी डोळ्यांकडे लक्ष हवे

कृष्णा आणि कोयना यांच्या संगमावर वसलेले कराड हे दक्षिण साताऱ्यातील बाजारपेठेचे, शिक्षणाचे आणि वैद्यकीय उपचारांचे मोठे केंद्र आहे. कराड व पाटण तालुक्यांतील, तसेच शेजारच्या सांगली जिल्ह्यातील शिराळा, वाळवा व कडेगाव भागांतील रुग्ण येथील वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालयात आणि मलकापूरच्या कृष्णा रुग्णालयात उपचारासाठी येतात. पावसाळा मध्यावर आला की या रुग्णांत तापाच्या रुग्णांची भर पडते. डेंग्यू, चिकुनगुन्या आणि इतर विषाणूजन्य ताप यांची नावे आता खेडोपाडी सर्वांना परिचित झाली आहेत. ताप आला की रक्त तपासावे, भरपूर पाणी प्यावे, विश्रांती घ्यावी, एवढे बहुतेकांना ठाऊक असते.

परंतु ताप उतरल्यानंतर काय होऊ शकते, याची माहिती मात्र फारशी पसरलेली नाही. काही थोड्या रुग्णांत ताप गेल्यावर काही दिवसांनी, काही आठवड्यांनी, क्वचित काही महिन्यांनी डोळ्याला दाह होतो. डोळा लाल होतो, उजेड सहन होत नाही, दृष्टी अंधुक होते. मधल्या काळात रुग्ण कामावर रुजू झालेला असतो आणि तापाचा विसर पडलेला असतो. त्यामुळे या दोन गोष्टींचा संबंध रुग्णाच्या ध्यानात येत नाही. 'डोळे आले असतील' असे समजून तो घरगुती उपाय करतो किंवा औषधाच्या दुकानातून थेंब आणतो. असे होण्याचे प्रमाण मोठे नाही, हे खरे. तथापि ज्याच्या बाबतीत हे घडते, त्याच्या दृष्टीचा प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर वेळेवर मिळणाऱ्या उपचारावर पुष्कळ अंशी अवलंबून असते.

दाह नेमका कोठे होतो?

हा विषय समजण्यासाठी डोळ्याची रचना थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. डोळ्याच्या पुढच्या बाजूस काचेसारखे पारदर्शक पारपटल असते. त्यामागे बुबुळ आणि बुबुळाच्या मध्यभागी बाहुली असते. बाहुलीतून प्रकाश आत जातो, भिंगातून पार होतो आणि मागच्या दृष्टिपटलावर पडतो. तेथून दृष्टिचेता हा संदेश मेंदूकडे नेते. डोळ्याचा पांढरा भाग आणि पापणीची आतील बाजू यांवर एक पातळ, ओलसर अस्तर असते. आपण ज्याला 'डोळे येणे' म्हणतो, तो या बाहेरच्या अस्तराचा दाह होय.

पांढऱ्या कवचाच्या आत रक्तवाहिन्यांनी भरलेला आणखी एक थर असतो. बुबुळ हा त्याच थराचा पुढचा भाग आहे. या आतील थराच्या दाहाला वैद्यकशास्त्रात युव्हायटिस म्हणतात. बाहेरच्या अस्तराचा दाह बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप बरा होतो. आतील थराचा दाह मात्र दुर्लक्षिला गेला तर बुबुळ मागच्या भिंगाला चिकटते, डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होतो, भिंग गढूळ होऊन मोतीबिंदू होतो, आणि दाह मागे दृष्टिपटलापर्यंत पोहोचल्यास दृष्टी कायमची कमी होऊ शकते. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही डोळे लालच दिसतात. फसगत होते ती येथेच.

विषाणूजन्य आजारानंतर असा दाह का व्हावा? याची दोन कारणे सांगता येतात. पहिले कारण, विषाणू स्वतः डोळ्यात शिरतो. डोळा हा शरीरातील काहीसा संरक्षित अवयव आहे. तेथे रोगप्रतिकारक पेशींचा वावर नियंत्रित असतो, कारण जोरदार दाहाने दृष्टीचे नाजूक यंत्रच बिघडेल. याचा लाभ कधी कधी विषाणूला मिळतो व रक्तातून नाहीसा झाल्यावरही तो डोळ्यात टिकून राहतो. पश्चिम आफ्रिकेत २०१४ ते २०१६ या काळात इबोलाची मोठी साथ आली, तेव्हा बऱ्या झालेल्या अनेक रुग्णांना पुढे युव्हायटिस झाला, आणि एका रुग्णाच्या रक्तातून विषाणू गेल्यावर काही आठवड्यांनी त्याच्या डोळ्यातील द्रवात तो जिवंत सापडला. दुसरे कारण असे की विषाणूशी लढण्यासाठी जागी झालेली प्रतिकारशक्ती लढाई संपल्यावरही लगेच शांत होत नाही, आणि तिचा मारा डोळ्याच्या ऊतींवर होतो. अनेक आजारांत ही दोन्ही कारणे एकत्र असावीत, असे तज्ज्ञ मानतात.

बार्शीपासून आजपर्यंत

चिकुनगुन्याचा महाराष्ट्राशी संबंध जुना आहे. हा रोग प्रथम १९५२ मध्ये आजच्या टांझानियातील मकोंडे पठारावर ओळखला गेला. सांधेदुखीने रुग्ण वाकून जातो, या अर्थाच्या मकोंडे भाषेतील शब्दावरून त्याला हे नाव मिळाले. भारतात १९६३ मध्ये कलकत्त्यात त्याची मोठी साथ आली. त्यानंतर मद्रास, विशाखापट्टणम, नागपूर अशा शहरांतून तो दिसून आला. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे साथ उद्भवली. साथीच्या भागातील एक तृतीयांशाहून अधिक लोक त्या वेळी आजारी पडले होते. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजेच १९७८ पासून राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने, या साथीचा अभ्यास केला.

बार्शीनंतर सुमारे ३२ वर्षे देशात या रोगाची मोठी साथ आली नाही. नवी पिढी त्याचे नावही विसरली होती. २००५ च्या अखेरीस तो पुन्हा प्रकटला आणि २००६ मध्ये देशभरात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्णांची नोंद झाली. महाराष्ट्रातील संशयित रुग्णांची संख्या अडीच लाखांहून अधिक होती. त्या वर्षी खेड्यापाड्यांत घरेच्या घरे सांधे धरून बसली, शेतीची कामे खोळंबली, हे आजही अनेकांना आठवत असेल.

या २००६ च्या साथीनेच डोळ्यांच्या दाहाकडे वैद्यकीय क्षेत्राचे लक्ष वेधले. बंगळूरु व मदुराई येथील नेत्ररुग्णालयांत काही रुग्ण लाल डोळे व अंधुक दृष्टी घेऊन आले. चौकशी केली असता, काही आठवड्यांपूर्वी त्यांना चिकुनगुन्या झाल्याचे आढळले. तेथील नेत्रतज्ज्ञांनी याची शास्त्रीय नोंद केली आणि पुढे काही रुग्णांच्या डोळ्यांतील द्रवात या विषाणूचा जनुकीय अंशही सापडला. बार्शीच्या काळात जो संबंध फारसा कोणाच्या ध्यानात आला नव्हता, तो अशा रीतीने प्रस्थापित झाला. २००६ नंतर हा रोग राज्यातून गेलेला नाही. २०२१ च्या जुलैमध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे राज्यातील झिका विषाणूचा पहिला रुग्ण आढळला, तेव्हा त्याच गावात चिकुनगुन्याचे रुग्णही होते. २०२४ मध्ये पुणे शहर व राज्याच्या इतर भागांत चिकुनगुन्याने पुन्हा डोके वर काढले. झिकामुळेही डोळे लाल होतात व क्वचित आतील दाह होतो, हेही लक्षात घेतले पाहिजे.

कोणत्या आजारानंतर काय?

चिकुनगुन्यात ताप असतानाच डोळे लाल होणे, डोळ्यांमागे दुखणे ही लक्षणे पुष्कळांना होतात व तापासोबत ओसरतात. खरी सावधगिरी त्यानंतर हवी. आतील दाह बहुधा ताप येऊन गेल्यावर चार ते बारा आठवड्यांच्या सुमारास दिसतो. तो बुबुळाच्या भागात असेल तर डोळा दुखतो, लाल होतो, उजेडाकडे पाहवत नाही, आणि काही रुग्णांत डोळ्यातील दाब वाढतो. तो दृष्टिपटलावर किंवा दृष्टिचेतेवर असेल तर डोळा लाल न होताही दिसणे एकाएकी कमी होते. योग्य उपचार वेळेवर सुरू झाल्यास बुबुळाच्या भागातील दाह बहुतेकांत चांगला आटोक्यात येतो. दृष्टिपटल व दृष्टिचेता यांच्या बाबतीत सुधारणा होते, पण ती प्रत्येकात पूर्ण होईलच असे नाही.

डेंग्यूचे वेळापत्रक निराळे आहे. त्यात दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज किंवा बारीक रक्तस्राव होण्याचा संभव असतो, आणि तो साधारणपणे ताप सुरू झाल्यापासून आठवड्याच्या सुमारास, म्हणजे ताप उतरत असताना व रक्तातील प्लेटलेट पेशी कमी झालेल्या असताना दिसतो. रुग्ण सांगतो, 'समोरच्या माणसाचा चेहराच दिसत नाही, कडेचे दिसते', किंवा 'सरळ रेघ वाकडी दिसते'. आजूबाजूचे लोक याला अशक्तपणा समजतात. वास्तविक अशा रुग्णाची नेत्रतपासणी त्याच दिवशी व्हावयास हवी. डेंग्यूनंतर काही आठवड्यांनी युव्हायटिस झाल्याचीही उदाहरणे नोंदलेली आहेत.

डासांशी संबंध नसलेले दोन आजारही येथे सांगितले पाहिजेत. पहिला नागीण. लहानपणी होऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू शरीरातील चेतापेशींत दडून राहतो व उतारवयात किंवा प्रतिकारशक्ती कमी झाल्यावर पुन्हा जागा होतो. एका बाजूला, पट्ट्यासारखे, आग करणारे फोड येतात. नागिणीचे वेटोळे पूर्ण झाले तर माणूस दगावतो, हा समज निराधार आहे, कारण नागीण बहुधा एकाच बाजूच्या चेतेच्या मार्गाने पसरते. परंतु ती कपाळावर व पापणीवर उठली असेल तर धोका निश्चित असतो. अशा रुग्णांपैकी उपचार न मिळालेल्या सुमारे निम्म्यांच्या डोळ्यांत दाह होतो. नाकाच्या शेंड्यावर फोड आला असेल तर डोळा सापडण्याचा संभव अधिक, कारण नाकाचा शेंडा व डोळ्याचा आतील भाग यांना एकाच चेतेच्या शाखा जातात. एकोणिसाव्या शतकातील इंग्लिश शल्यचिकित्सक जोनाथन हचिन्सन यांच्या नावाने हे लक्षण आजही ओळखले जाते. या रोगावर विषाणूरोधक गोळ्या उपलब्ध आहेत, मात्र त्या फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्यास सर्वांत उपयोगी ठरतात. लेप लावण्यात आणि मंत्र घालून घेण्यात हे तीन दिवस निघून जातात, ही खेदाची गोष्ट आहे.

दुसरा आजार गोवर. गोवरात डोळे लाल होतात, हे प्रत्येक आईला माहीत असते. परंतु कुपोषित बालकात गोवरामुळे अ जीवनसत्त्वाचा उरलासुरला साठाही संपतो, पारपटल कोरडे पडते, त्यावर व्रण होतो आणि बालक कायमचे अंध होऊ शकते. म्हणूनच गोवर झालेल्या बालकाला लागोपाठ दोन दिवस अ जीवनसत्त्वाची मात्रा देण्याची पद्धत आहे. सहा महिन्यांखालील बालकास ५० हजार, सहा ते अकरा महिन्यांच्या बालकास एक लाख आणि त्यापुढे दोन लाख आंतरराष्ट्रीय एकके, असे तिचे प्रमाण असते व ती आरोग्य कर्मचाऱ्यांमार्फतच दिली जाते. गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर व दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यावयाची असते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराचा उद्रेक झाला, त्यावरून लसीकरणात पडलेली खिंडार किती महागात पडते याची कल्पना यावी.

'डोळे येणे' हे वेगळे

डोळ्यांच्या साथीचाही आपल्या राज्याला जुना अनुभव आहे. १९६९ मध्ये घानात लाल डोळ्यांची एक नवी साथ उद्भवली. त्याच सुमारास मानव चंद्रावर उतरला असल्याने तेथील लोकांनी तिला अपोलोचे नाव दिले. १९७१ मध्ये ती भारतात पोहोचली. पूर्व बंगालमधून निर्वासित येत असलेल्या त्या दिवसांत बंगालमध्ये तिला 'जय बांगला' म्हणत. मुंबईतही त्या वर्षी ती मोठ्या प्रमाणावर पसरली. डोळे आठवडाभरात बरे होत. परंतु त्यानंतर काही दिवसांनी वा आठवड्यांनी काही थोड्या रुग्णांचे पाय लुळे पडले. मुंबईचे मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांचा अभ्यास करून, डोळ्यांची साथ आणि हा पोलिओसारखा लुळेपणा यांचा संबंध जगापुढे मांडला. विषाणूजन्य आजार वरकरणी संपल्यावरही शरीरात त्याचा दुसरा अंक सुरू होऊ शकतो, हे या महाराष्ट्रातील संशोधनाने दाखवून दिले.

२०२३ च्या जुलैमध्ये आळंदी परिसरातील शाळकरी मुलांत डोळ्यांची साथ सुरू झाली आणि पाहता पाहता राज्यभर लाखो लोकांना तिची लागण झाली. ही साथ बाहेरच्या अस्तराच्या दाहाची होती. ती रुग्णाकडे नुसते पाहिल्याने पसरत नाही. डोळ्यांना लागलेला हात, रुमाल, टॉवेल, उशीचा अभ्रा यांतून ती पसरते. म्हणून वारंवार हात धुणे, टॉवेल वेगळा ठेवणे आणि डोळ्यांतील लाली व पाणी थांबेपर्यंत मुलाला घरी ठेवणे हाच तिच्यावरील खरा उपाय होय. काळा चष्मा उजेडाचा त्रास कमी करतो, साथ थांबवीत नाही.

तोच थेंब, दोन परिणाम

या सर्व माहितीतून व्यवहारातील एक प्रश्न उभा राहतो. डोळा लाल झाला म्हणजे कोणता थेंब घालावा? औषधाच्या दुकानातून सहज मागितले जाणारे अनेक थेंब स्टिरॉइडयुक्त असतात. ते घातल्यावर लाली झपाट्याने उतरते, त्यामुळे त्यांचा लौकिक मोठा आहे. युव्हायटिसमध्ये नेत्रतज्ज्ञ हेच स्टिरॉइडचे थेंब, बाहुली विस्फारणाऱ्या थेंबांसह, ठरावीक प्रमाणात व ठरावीक काळ देतात आणि त्यांनी डोळा वाचतो. परंतु पारपटलावर नागिणीच्या वर्गातील, हर्पिस विषाणूचा व्रण असेल तर त्याच थेंबांनी व्रण पसरतो आणि पारपटलावर कायमचा पांढरा डाग, म्हणजे फूल पडू शकते. उसाचे पाते किंवा भाताचे तूस डोळ्यात जाऊन झालेल्या बुरशीच्या व्रणालाही हे थेंब घातक आहेत. कराड व सांगलीच्या ऊसपट्ट्यात ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. शिवाय देखरेखीविना महिनोन्‌महिने ते घातल्यास काचबिंदू व मोतीबिंदू होतो.

एका लाल डोळ्यात अमृत ठरणारा थेंब दुसऱ्या लाल डोळ्यात विष ठरतो, आणि या दोन डोळ्यांतील फरक नुसत्या नजरेने ओळखता येत नाही. त्यासाठी नेत्रतज्ज्ञाजवळील स्लिट लॅम्प या सूक्ष्मदर्शकाने डोळा पाहावा लागतो, दाब मोजावा लागतो आणि बाहुली विस्फारून मागचा पडदा तपासावा लागतो. कायद्यानेही स्टिरॉइडचे थेंब डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. मागच्या वर्षीची उरलेली बाटली किंवा शेजाऱ्याला गुण आलेले औषध वापरणे, हाही धोकाच होय. मध, तुळशीचा रस, लहान बाळाच्या आईचे दूध अशा वस्तूही डोळ्यात घालू नयेत.

ओळखण्याची सोपी कसोटी

गावपातळीवरील कार्यकर्त्याने रोगाचे निदान करावे, अशी कोणाचीही अपेक्षा नाही. कोणाला थांबवावयाचे आणि कोणाला तत्काळ पाठवावयाचे, एवढे ठरविता आले तरी पुरे. दोन्ही डोळ्यांना खाज, चिकट स्राव, सकाळी पापण्या चिकटणे, पण चिपडे पुसल्यावर दृष्टी स्वच्छ, अशी लक्षणे असतील तर बहुधा साधे डोळे आलेले असतात. अशा रुग्णाने प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे व स्वच्छता पाळावी.

याउलट पुढीलपैकी एकही लक्षण असेल तर चोवीस तासांच्या आत नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे.

१. दिसणे अंधुक झाले आहे, किंवा दृष्टीच्या मध्यभागी डाग दिसतो.
२. डोळा खोलवर दुखतो व उजेड सहन होत नाही.
३. लाली बुबुळाच्या कडेभोवती अधिक आहे व चिपडे नाहीत.
४. बाहुली दुसऱ्या डोळ्यापेक्षा लहान किंवा वाकडीतिकडी दिसते.
५. डोळ्यांपुढे काळे ठिपके किंवा जाळी एकाएकी तरंगू लागली आहे.
६. कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर नागिणीचे फोड आहेत.
७. बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो.

यासोबत एक प्रश्न न चुकता विचारावा : 'गेल्या तीन महिन्यांत ताप येऊन गेला का?' उत्तर होकारार्थी असेल तर तापाची तारीख, तपासणीचा कागद व घेतलेली औषधे यांची माहिती रुग्णासोबत द्यावी. नेत्रतज्ज्ञाला निदानाची दिशा मिळण्यास या एका ओळीची मोठी मदत होते.

दृष्टी तपासण्याची रीतही सोपी आहे. एक डोळा तळहाताने, बुबुळावर दाब न देता, झाकावा आणि दुसऱ्याने भिंतीवरील दिनदर्शिकेचे आकडे वाचावेत. मग डोळा बदलावा. दोन्ही डोळे उघडे असताना एका डोळ्याची कमी झालेली दृष्टी कित्येक दिवस ध्यानात येत नाही, म्हणून प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे तपासणे महत्त्वाचे आहे. डेंग्यू किंवा चिकुनगुन्या झालेल्या प्रत्येकाने ताप गेल्यावर पुढील तीन महिने आठवड्यातून एकदा ही तपासणी घरीच करावी. तिला खर्च काहीच येत नाही.

शाळा आणि पंचायत यांचे कार्य

लहान मूल दृष्टी कमी झाल्याची तक्रार क्वचितच करते. ते वही डोळ्यांजवळ धरते, फळ्यावरचे चुकीचे उतरवून घेते, उन्हात डोळे मिटून घेते. तापाच्या रजेवरून परत आलेल्या विद्यार्थ्याला शिक्षकाने फळ्यासमोर उभे करून एकेक डोळा झाकून वाचावयास लावावे. शंका आल्यास पालकांना बोलावून सांगावे आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाची वाट न पाहता ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाकडे पाठवावे. शाळेच्या औषधपेटीत डोळ्यांचे थेंब ठेवू नयेत, हेच उत्तम.

आशा स्वयंसेविका व आरोग्यसेवक तापाच्या रुग्णांची नोंद ठेवतातच. त्याच नोंदवहीत महिन्यानंतरच्या भेटीत 'डोळ्यांची तक्रार आहे का' एवढा एक प्रश्न जोडला, तर नवी योजना किंवा वेगळा निधी न लागताही गावातील अशा रुग्णाचा शोध लागेल. ग्रामसभेत व आठवड्याच्या बाजारात ही माहिती सांगितली जावी. साखर कारखान्यांच्या हंगामात ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवरही ती पोहोचली पाहिजे, कारण ही कुटुंबे आज या गावी तर उद्या त्या गावी असतात व त्यांच्या तापाची नोंद एका ठिकाणी राहत नाही.

तथापि डोळ्याचा दाह टाळण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे तापच टाळणे हा होय. डेंग्यू, चिकुनगुन्या व झिका हे तिन्ही रोग एडिस जातीच्या डासामुळे पसरतात. हा डास दिवसा चावतो आणि स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. रांजण, पिंप, सिमेंटची टाकी, कूलर, जुने टायर, नारळाच्या करवंट्या ही त्याची घरे. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून, घासून, वाळवून 'कोरडा दिवस' पाळण्यास सांगितले जाते. केवळ पाणी ओतून देणे पुरेसे नाही, कारण भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. जी टाकी रिकामी करता येत नाही तिला घट्ट झाकण बसवावे किंवा तीत गप्पी मासे सोडावेत. हा डास फार दूर उडत नाही. त्यामुळे आपल्या गल्लीतील डास बहुधा आपल्याच गल्लीत जन्मलेला असतो.

घरोघरी पाणी का साठविले जाते, याचाही विचार पंचायतीने करावा. नळाला पाणी दोन-तीन दिवसांआड येत असेल तर लोक पिंपे भरून ठेवणारच. या बाबतीत कराडच्या शेजारच्या मलकापूरचे उदाहरण बोलके आहे. राज्यातील या छोट्या गावाने २००९ च्या सुमारास मीटर बसवून चोवीस तास पाणीपुरवठ्याची योजना अमलात आणली. नळ उघडला की पाणी येईल, याची खात्री झाल्यावर पाणी साठविण्याची गरज उरत नाही, आणि डासाची घरेही आपोआप कमी होतात. प्रत्येक ग्रामपंचायतीला चोवीस तास पाणी देणे लगेच शक्य होणार नाही, परंतु पाणी ठरल्या वेळी व नियमित येईल एवढी व्यवस्था करणे अनेकींच्या आवाक्यात आहे. पाणीपुरवठ्याची योजना ही अशा अर्थाने आरोग्याचीही योजना असते.

डेंग्यू व चिकुनगुन्या यांवरील लस आपल्या नित्याच्या लसीकरणात नाही, आणि चिकुनगुन्याच्या विषाणूला मारणारे खास औषधही नाही. डोळ्याच्या दाहावर मात्र उपचार आहे. तो कराडसारख्या तालुक्याच्या ठिकाणी मिळू शकतो व वेळेत मिळाला तर बहुसंख्य रुग्णांची दृष्टी राखता येते. रुग्ण आणि नेत्रतज्ज्ञ यांच्यामध्ये उरते ते अंतर माहितीचे. ते कमी करण्याचे काम शिक्षक, पंचायत सदस्य आणि आरोग्य कर्मचारी यांच्याइतके चांगले दुसरे कोणी करू शकणार नाही. ताप उतरल्याची नोंद करून वही मिटण्यापूर्वी डोळ्यांबद्दलचा तो एक प्रश्न गावोगावी विचारला जावा, एवढीच अपेक्षा.